राग पाहणारा

टोपली आपल्याच घरातली होती हे केस्टनरला उमगलं, तेव्हा तो प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत हनुवटी लाकडी टेकूवर ठेवून, बोटाने पितळी बटण दाबून बसला होता, आणि टोपली केव्हाच स्टेशनच्या रस्त्याला लागली होती. समोरची झडप खट्कन उघडली, मागे तपकिरी कागदाचा तुकडा दिसला, पलीकडच्या खोलीत वेळ मोजणारं यंत्र घरघरू लागलं. रंग दिसताक्षणी बोट उचलायचं, एवढंच काम. बोट उचललं गेलं नाही. हा तपकिरी आपण आजच कुठेतरी पाहिलाय, असं मनात आलं, आणि पाठोपाठ आठवला तो लाल टोपीवाला हमाल, सकाळी चौकात हातगाडी ओढत अगदी कोटाला घासून गेलेला. गाडीवर वेताची टोपली होती. धुण्याची, दोन कानांची. एक कान तुटला तेव्हा थेक्लाने तो निळ्या सुतळीने बांधला होता. लाइपझिगमधला सगळ्यांत मुरलेला निरीक्षक म्हणून ज्याचं नाव घेतात, त्या डॉक्टर आल्विन केस्टनरच्या नाकासमोरून त्याच्या बायकोची टोपली गेली, आणि त्याने काय पाहिलं? तर एक लांबट गोल तपकिरी पृष्ठभाग, मधूनमधून पिवळसर, वरच्या अंगाला पांढऱ्याची अरुंद कड. वर पुन्हा त्याला बरंही वाटलं होतं, की आज सकाळी सकाळीच निरीक्षण किती स्वच्छ जमलं, वस्तूचं नाव मध्ये लुडबुडलं नाही.

वस्तूचं नाव घेणं हा इथे गुन्हा होता. नवे विद्यार्थी यायचे, त्यांच्यासमोर सफरचंद ठेवलं की म्हणायचे, सफरचंद. केस्टनर त्यांना झापायचा. सफरचंद तुम्हाला दिसत नाही, महाशय. लाल दिसतं, गोलाई दिसते, वरची चमक दिसते. सफरचंद तुम्ही बाजारातून डोक्यात घालून आणलंय, ते बाहेर ठेवा आणि मग आत या. वर्षानुवर्षं त्याने पोरांच्या डोक्यातून सफरचंदं, पुस्तकं, किल्ल्या, चहाचे पेले काढून फेकले होते. आता त्याच्या स्वतःच्या डोक्यातून टोपली गेली होती, आणि टोपलीबरोबर बहुधा बायकोही. कारण ती पांढरी कड म्हणजे चादरी होत्या. थेक्लाने लग्नाआधी माहेरी बसून शिवलेल्या, कोपऱ्यात तिच्या माहेरच्या नावाची अक्षरं भरलेल्या. बायको हातात पिशवी घेऊन बहिणीकडे गेली तर चार दिवसांनी परत येते; चादरी घेऊन गेली तर येत नाही. हे सॅक्सनीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त केस्टनरला त्यासाठी तपकिरी कागद दाखवावा लागला.

"डॉक्टर, बोट उचललं नाहीत," पलीकडून टोब्लर ओरडला. टोब्लर झुरिकचा, प्रबंधाचं काम करत होता, आणि त्याच्या आवाजात कायम रडका सूर असे. केस्टनर म्हणाला, पुन्हा घ्या. खरं तर त्याने त्याच क्षणी उठायला हवं होतं. थेक्लाची बहीण आल्मा आल्टेनबुर्गला राहायची, आणि तिकडची गाडी दुपारची. थेक्ला स्टेशनवर लवकर जाऊन बसणारी बाई. अजून वेळ होता. पण प्रयोगाची मालिका मध्येच सोडली तर अख्खी मालिका फुकट जाते, हे त्यानेच टोब्लरला शिकवलेलं. मग तो बसून राहिला आणि रंग येत गेले, हिरवा, करडा, परत तपकिरी, आणि प्रत्येक वेळी त्याचं बोट वेळेवर उचललं गेलं. याचाच त्याला वैताग आला. बायको घर सोडून चाललीय आणि बोट आपलं शहाण्यासारखं वर-खाली होतंय. त्याच्या तळपायाची आग निघाली, पण मस्तकापर्यंत काही पोचेना. गुडघ्यांपर्यंत आली असेल नसेल, तोच त्याचं लक्ष तिकडे गेलं: पोटऱ्यांत ताण, किंचित उष्णता, श्वास आखूड, अप्रियता मध्यम. झालं. पाहिली आणि विझली.

हेच तर थेक्लाचं गाऱ्हाणं होतं. गेल्या रविवारचीच गोष्ट. सकाळची कॉफी चालली होती, तीच सॅक्सन पातळ कॉफी, जिच्यातून कपाच्या तळाचं फूल दिसतं. केस्टनर व्याख्यानाची टिपणं पसरून बसला होता. थेक्ला काहीतरी बोलत होती, तिच्या बहिणीबद्दल, की खिडकीच्या पडद्यांबद्दल. त्याला आता आठवत नव्हतं, आणि आठवत नाही याचीही त्याला चीड आली. मग तिने शांतपणे कॉफीचं भांडं उचललं आणि त्याच्या टिपणांवर ओतलं. चुकून नव्हे. शेवटच्या थेंबापर्यंत, भांडं नीट तिरकं धरून. शाई पसरली. केस्टनरचे खांदे वर उचलले गेले, हाताची मूठ वळली, तोंडात काहीतरी येऊ लागलं, आणि थेक्ला टेबलाच्या कडेला धरून त्याच्याकडे बघत होती, तोंड जरासं उघडं ठेवून, जत्रेत दारूकामाची वाट बघणाऱ्या पोरीसारखी. आणि केस्टनर म्हणाला, "गंमत आहे. खांद्यांपासून सुरू झालं. आता ओसरतंय." थेक्ला खुर्चीत बसली. मग म्हणाली, "एकदा तरी चिडून दाखव, आल्विन. माझ्यावर. एकदा. मला कळू दे की या घरात दुसरं कुणीतरी राहतं." त्याने तिला समजावून सांगितलं की राग असा मागणी केल्यावर येत नसतो. तिने टेबल पुसलं. त्यानंतर आठवडाभर ती अगदी गोड वागली, आणि आपल्याला वाटलं, वादळ गेलं. गाढव, केस्टनर स्वतःला म्हणाला; पण हे गाढवही कुणीतरी दुसऱ्याबद्दल लिहून ठेवल्यासारखं कोरडंच उमटलं.

तिला काय माहीत, की हा न येणारा राग त्याने किती कष्टाने मिळवला होता. ग्रिम्माला मुल्डे नदीच्या काठी त्याच्या बापाचा चामडी कमावण्याचा कारखाना होता. बाप एरवी कमी बोलणारा. पण कातड्यांचा गठ्ठा ढिला बांधलेला दिसला की त्याचा पारा असा चढायचा की नदीपलीकडच्या गिरणीतली माणसं काम थांबवून ऐकत बसायची. गठ्ठ्यावरून सुरुवात व्हायची आणि मग कामगाराची अक्कल, त्याची आई, सरकार, पाऊस, सगळ्यांचा उद्धार व्हायचा. एकदा तर त्याने गठ्ठाच नदीत भिरकावला. आणि घटकाभराने हा माणूस जेवायला बसून शांतपणे मसुराचं सूप ओरपायचा. घर मात्र संध्याकाळपर्यंत थरथरत असायचं. आपणही त्याच मातीचे, हे आल्विनला सोळाव्या वर्षी कळलं. कशावरून तरी भावाशी जुंपली आणि त्याने शेगडीवरची इस्त्री उचलून फेकली. भावाला लागली नाही. दारावर खोक पडली, ती अजून आहे. त्या खोकेकडे बघत उभा असताना त्याला जी भीती वाटली होती, ती मात्र त्याने पाहिली नव्हती, आणि म्हणूनच ती त्याच्याजवळ अजून जशीच्या तशी होती. पुढे लाइपझिगला आला, प्रयोगशाळेच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की रागाचं निरीक्षण करू जाल तर तो जागेवरच मरतो, ही आपल्या शास्त्राची मोठी अडचण आहे. सगळ्या वर्गाने मान डोलावली. केस्टनरला मात्र औषध सापडल्यासारखं झालं. ज्याला सगळे अडचण म्हणत होते, त्यासाठीच तो इथे राहिला. आणि थेक्लाने त्याला पसंत केलं तेही याच्यासाठीच. तिच्या घरी सात भावंडं, दिवसभर कालवा. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणायची, तुझ्यापाशी किती शांत वाटतं. आता तेच शांत वाटणं तिला खायला उठलं होतं, तर त्याने करायचं काय?

मालिका संपली. बाहेर बोळात खिडकीपाशी क्वांट आणि कुमारी श्टाइनित्स पाव खात उभे होते. क्वांट त्याच्याबरोबरचा, पण मध्ये दोन वर्षं व्युर्त्सबुर्गच्या प्रयोगशाळेत काढून आला होता आणि तेव्हापासून त्याला प्रत्येक गोष्टीत चित्राशिवायचा, म्हणजे मनात काही न उमटताच होणारा, विचार दिसायचा. श्टाइनित्स व्हिएन्नाची, हुशार, आणि समोरच्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या न बोलण्याकडे जास्त कान देणारी. केस्टनरने तोंड मिटून पुढे जायचं, तर त्याला दुर्बुद्धी सुचली. तो म्हणाला, आज मजेशीर प्रकार झाला, एक ओळखीची वस्तू पाहिली आणि ती ओळखीची आहे हे तासाभराने कळलं. वस्तू कोणती ते त्याने सांगितलं. कुठे चालली होती ते सांगितलं नाही. क्वांट लगेच खूश झाला. म्हणाला, तुला सकाळीच कळलेलं होतं, फक्त चित्राशिवाय, शब्दाशिवाय. आम्ही तिकडे ओरडून हेच सांगतोय. श्टाइनित्सने पाव खाली ठेवला.

"तुम्हाला ओळखायची नव्हती, डॉक्टर," ती म्हणाली.

"मला ओळखायची नव्हती असं मी म्हटलेलं नाही."

"नाही ना म्हटलंत? तेच तर म्हणतेय मी."

अशा माणसांशी बोलायचं कसं? हो म्हटलं तर तिचं खरं, नाही म्हटलं तर तिचं जास्तच खरं. क्वांट तिला म्हणाला, बाई, तुमचं शास्त्र म्हणजे छापा पडो की काटा, जिंकणार तुम्हीच. आणि दोघं भांडायला लागले, टोपलीवरून, टोपली बाजूला ठेवून, हसत-खिदळत, अगदी मनापासून. क्वांटच्या मिशीला पावाचे कण लागले होते. टोब्लर तेवढ्यात बाहेर आला आणि म्हणाला, फ्रांकफुर्टला आता म्हणे सिद्ध करतायत की माणसाला आधी टोपलीच दिसते, रंग आणि आकार मागाहून. त्याच्याकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही. केस्टनरला वाटलं, तिघांची डोकी एकमेकांवर आपटावीत. वाटलं, आणि लगेच पाहिलं: कपाळाच्या दोन्ही बाजूंना दाब, दातांवर दात. विझलं. हा काय जाच आहे, तो पुटपुटला. आपल्या घरात आपल्यालाच राहायला जागा नाही. आत कुणीतरी सतत दिवा घेऊन उभा.

तरीही तो स्टेशनकडे गेला नाही. तास होता. नवख्यांसाठीचं व्याख्यान, मानसशास्त्राची ओळख, आणि आजचा पाठ नेमका निरनिराळ्या संप्रदायांचा. दालन भरलेलं होतं, ओल्या लोकरीचा आणि दगडी कोळशाच्या धुराचा वास. केस्टनर बोलू लागला. कॉफीने डागळलेली टिपणं समोर होती, पण हे सगळं त्याला झोपेतही म्हणता आलं असतं. एक पंथ म्हणतो मन फोडा, आणि त्याचे सगळ्यांत बारीक कण मोजा. दुसरा म्हणतो, विचार कणांत सापडतच नाही. तिसरा म्हणतो, जे सांगता ते वरच्या मजल्यावरचं, खरं बिऱ्हाड तळघरात. महासागरापलीकडे काही मंडळी म्हणू लागलीत की मन वगैरे सोडा, उंदीर कोणत्या वळणावर वळला तेवढं बघा. पोरं भराभरा लिहून घेत होती. केस्टनर त्यांच्या हलणाऱ्या लेखण्यांकडे बघत होता आणि त्याच्या मनात येत होतं, की यातल्या एकाही पंथात, बायको चादरी घेऊन निघाली तर नवऱ्याने काय करावं, याची काहीएक सोय नाही. उंदीरवाले तेवढे परवडले. ते म्हणतील, तुझ्या वाटण्याचं सोड, तू काय केलंस? मी बोट उचललं. बरोबर वेळेवर. आणि फ्रांकफुर्टवाल्यांचं म्हणणं असं, तो मोठ्याने म्हणाला, की माणसाला आधी टोपली दिसते. टिपणात उदाहरण सुरावटीचं होतं, टोपलीचं नव्हतं. दोन-चार पोरं हसली.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, की रंग-आवाज ठीक आहे, पण समजा राग आला, तर त्याचं निरीक्षण कसं करायचं? हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच, आणि उत्तर ठरलेलं असतं. "राग पाहता येत नाही," केस्टनर म्हणाला. "पाहिला की तो राहत नाही. म्हणून आपण..." म्हणून आपण काय ते त्याला पुढे सांगता येईना. म्हणून आपण रविवारी सकाळी बायकोच्या तोंडाकडे बघत बसतो आणि म्हणतो, गंमत आहे. त्याने हॅट उचलली. टिपणं तिथेच ठेवली. तो दरवाजापर्यंत पोचला तेव्हा मागे पोरांनी बूट फरशीवर घासायला सुरुवात केली, व्याख्याता आवडला नाही की घासतात तसे. तो खरखराट जिन्यावर त्याच्या मागे खालपर्यंत येत राहिला. ट्राम समोरून निघून गेली म्हणून तो चालतच सुटला.

वाटेत त्याने भाषण तयार केलं. ते चांगलं होतं, मुद्देसूद होतं, आणि त्यात थेक्लाला तो हवाहवासा आहे की नाही याचा विचार सोडून बाकी सगळं होतं. तीन ठिकाणी त्याने ते दुरुस्त केलं. हवेत रात्रीच्या पावसाचा ओलावा होता, कोटाच्या आतून घाम, बुटात पाणी. आपण आपल्या बायकोला गमावतोय, हे त्याने स्वतःला एकदा स्पष्ट शब्दांत सांगून पाहिलं. छातीखाली एक पोकळी जाणवली. ती पाहताना तो एका कोळशाच्या गाडीवर आपटला आणि गाडीवाल्याने त्याला शिवी हासडली. किती सोपं असतं लोकांना, केस्टनरच्या मनात आलं.

थेक्ला फलाटावरच्या बाकावर बसली होती, करड्या प्रवासी कोटात, हॅटमध्ये तपकिरी पीस. शेजारी टोपली. लाल टोपीवाला हमाल खांबाला टेकून पाइप ओढत होता. केस्टनरला पाहून ती उठली नाही. पण तिचा चेहरा आधी घाबरला आणि मग उजळला, आणि दोन्ही तिने लगेच आवरून घेतलं.

"व्याख्यान सोडून आलास?"

"अर्धं झालं होतं."

गाडी फलाटाला लागलेली होती, माणसं चढत होती. आता बोलायचं. केस्टनरने श्वास घेतला. "थेक्ला, मी शांतपणे विचार केला. मला असं आढळतं की..."

थेक्लाने डोळे मिटले. "आढळतं," ती म्हणाली. मग हातमोजे चढवू लागली. "आल्माकडे पत्ता तोच आहे. मोज्यांचा खण दुरुस्त करून घे. ओढला की हातात येतो."

त्याने खाली पाहिलं, कारण तिच्याकडे बघवेना. टोपलीला दोरी होती. आडवी एक, उभी एक, आणि मधोमध कापडाच्या फितीला मारतात तशी एक सैल, गोंडस गाठ. एका बाजूची दोरी आधीच घसरून तुटक्या कानावर आली होती आणि खालून चादरीचा कोपरा लोंबत होता, ओल्या फरशीला टेकलेला, अक्षरांसकट.

"हे कुणी बांधलं?" केस्टनर म्हणाला.

"मी बांधलं."

"हे असं? हे असं बांधतात?" आणि तो आवाज त्याचा नव्हता, निदान इतकी वर्षं त्याचा नव्हता. गाडीच्या दोन-तीन खिडक्यांतून डोकी बाहेर आली. ही काय गाठ आहे की टोपीचा गोंडा, तो ओरडला. पहिल्याच धक्क्याला सुटेल, गठ्ठा आधी आडवा आवळतात, मग उभा, हे कातडं भिजवणाऱ्या पोरालासुद्धा कळतं. आणि बहीण तर तुझी तिथे आयती बसलीच आहे, तिला कधी माझं तोंड आवडलं होतं का, लग्नाच्या जेवणातसुद्धा माझ्याकडे पाठ करून बसली होती. आणि ही टोपली माझ्या समोरून भर चौकातून नेलीस, मला धडधडीत दिसली असती मी माणूस असतो तर, आणि तू हमालाला सांगितलंस पण मला सांगितलं नाहीस. आणि ती कॉफी, कॉफी म्हणतात तिला, तळाचं फूल मोजून घ्यावं, आठ वर्षं ते फूल बघतोय मी, वीट आलाय मला त्या फुलाचा. आणि जायचं तर जा, पण चादरी का नेतेस, चादरी नेल्यावर मी समजायचं काय, मी झोपायचं कशावर, मी एकटा त्या घरात काय त्या मोज्यांच्या खणाशी बोलू? त्याने टोपलीच्या दोरीला हिसडा दिला आणि गाठ खरोखरच सुटली, आणि वरची चादर फरशीवर सांडली. मग त्याचा श्वास संपला.

हमालाने पाइप तोंडातून काढला होता. खिडकीतली एक म्हातारी कुणालातरी आत बोलावून दाखवत होती. केस्टनरला इस्त्री आठवली, दारावरची खोक आठवली, आणि त्याने घाबरून थेक्लाकडे पाहिलं. ती हातमोजा अर्धा चढवलेल्या अवस्थेत तशीच बसली होती, तोंड जरासं उघडं ठेवून. तिच्या गालांवर ठिकठिकाणी लाली आली होती.

"आत्ता काय होत होतं तुला?" तिने विचारलं. अगदी हळू, उत्तराची धास्ती असल्यासारखं.

केस्टनरने सवयीने आत पाहिलं. खांदे, श्वास, कपाळ, पोटऱ्या. तिथे कुणीच काही टिपून ठेवलेलं नव्हतं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मी बघत नव्हतो."

शिट्टी झाली. हमाल पुढे झाला, चादर कशीबशी कोंबून त्याने टोपली उचलली आणि कोणत्या डब्यात ठेवू म्हणून थेक्लाला विचारलं. थेक्लाची नजर केस्टनरवरून हलली नाही. तिने चढवलेला हातमोजा बोटाबोटाने काढला.

"खाली ठेवा ती," ती हमालाला म्हणाली. "ह्यांचं अजून बोलून व्हायचंय."